काट्याभोवती जमलेले कारागीर

पायात बाभळीचा काटा मोडला आणि तो वेळीच निघाला नाही, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकू लागते. घरातली वडीलधारी मंडळी त्यावर गूळ-चुना लावतात आणि काटा आपोआप वर यायची वाट पाहतात. हजारो वर्षे माणसाने ही सूज पाहिली आणि तिला दुखण्याचाच एक भाग मानले. वैद्यांनी आणि डॉक्टरांनीही तेच मानले. सूज म्हणजे शरीराची हानी नव्हे, सूज म्हणजे शरीराने स्वतःवर सुरू केलेला उपचार, हे ठामपणे मांडले ते डॉक्टर नसलेल्या एका माणसाने. तो होता प्राण्यांच्या अळ्या आणि किडे न्याहाळणारा एक रशियन प्राध्यापक. त्याचे नाव इल्या इलिच मेचनिकॉव्ह.

मेचनिकॉव्ह यांचे नाव आज दोन कारणांनी घेतले जाते. एक, रोगजंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचा शोध. आणि दुसरे, दह्याने आयुष्य वाढते हा त्यांचा लाडका सिद्धांत. पण त्यांच्या कामाचा तिसरा धागा गेल्या काही दशकांत पुन्हा हाती लागला आहे. तो जातो थेट स्त्रीच्या गर्भाशयाच्या अस्तरापर्यंत. महिन्यामागून महिने फाटणारे आणि व्रण न ठेवता पुन्हा सांधले जाणारे हे अस्तर कोण दुरुस्त करते, आणि कधी कधी ही दुरुस्ती का फसते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ पुन्हा त्याच पेशींपाशी येऊन पोचले आहेत. ज्याने त्या पेशींना नाव दिले, त्या माणसाच्या आयुष्याची ही कहाणी.

दोनदा मरणाच्या दारात

मेचनिकॉव्ह यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकॉव्हजवळच्या एका खेड्यात झाला. हा प्रदेश आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा तो रशियन साम्राज्याचा भाग होता. वडील सैन्यात अधिकारी होते, आई ज्यू वंशाच्या सुशिक्षित घराण्यातली. लहानपणापासून मुलाला वनस्पती आणि किड्यांचे वेड. खारकॉव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत उरकला आणि १८६४ मध्ये पदवी घेऊन ते जर्मनीला गेले. १८६५ मध्ये गीसन येथे एका चपट्या कृमीचा अभ्यास करताना त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. त्या कृमीच्या पेशी अन्नाचे कण स्वतःच्या पोटात ओढून घेत होत्या आणि तिथेच ते पचवत होत्या. त्या वेळी त्यांनी ही नोंद केवळ पचनसंस्थेच्या अभ्यासातली म्हणून बाजूला ठेवली. तिचे मोल कळायला आणखी सतरा वर्षे लागायची होती.

बुद्धी तल्लख होती, पण स्वभाव तापट, उतावळा आणि टोकाचा निराशावादी. १८६९ मध्ये त्यांनी लुडमिला फेडोरोविच या तरुणीशी विवाह केला. लुडमिलाला क्षय झाला होता. लग्नाच्या दिवशी ती इतकी अशक्त होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पुढची चार वर्षे मेचनिकॉव्ह यांनी मिळेल ते काम केले, भाषांतरे केली, डोळ्यांचा त्रास सोसला आणि पत्नीला हवापालटासाठी ठिकठिकाणी नेले. शेवटी एप्रिल १८७३ मध्ये अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर तिने प्राण सोडले. परतीच्या वाटेवर खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी मॉर्फिनचा मोठा डोस घेतला. डोस इतका मोठा होता, की उलटी झाली आणि ते वाचले. त्यानंतर लवकरच एका रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे पाहून त्यांच्या मनात विचार आला, की इतक्या अल्पायुषी जिवांना निसर्गनिवडीचा नियम कसा लागू पडत असेल? प्रश्न सुचला आणि माणूस पुन्हा कामाला लागला.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गा बेलोकोपितोवा हिच्याशी दुसरा विवाह केला. ओडेसात त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबातली ही मुलगी त्यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकत असे. पुढे ती चित्रकार आणि शिल्पकार झाली, आणि पतीच्या पश्चात त्याचे चरित्र तिनेच लिहिले. पण १८८० मध्ये ओल्गाला विषमज्वर झाला आणि मेचनिकॉव्ह यांच्या मनाने पुन्हा हाय खाल्ली. १८८१ मध्ये त्यांनी उलटून येणाऱ्या एका तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. मरण आलेच तर निदान शास्त्राच्या उपयोगी पडावे, असा त्यामागचा हिशेब. ते भयंकर आजारी पडले, पण या दुसऱ्या संकटातूनही वाचले. नवल असे, की या आजारातून उठल्यावर त्यांचा निराशावाद बराचसा निवळला. शरीर स्वतःला बरे करते, याचा त्यांनी स्वतःच्या देहावर अनुभव घेतला होता.

मेसिनाची सकाळ

त्याच वर्षी झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. विद्यापीठांवर दडपशाही वाढली. वैतागून मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये ओडेसा विद्यापीठाचा राजीनामा दिला. ओल्गाच्या आईवडिलांच्या निधनानंतर तिच्या धाकट्या भावंडांची जबाबदारी या दांपत्यावर आली होती. स्वतःचे मूल त्यांना नव्हते. या सगळ्या गोतावळ्यासह ते सिसिली बेटावरच्या मेसिना गावी येऊन राहिले. समुद्र दाराशी होता आणि दिवाणखान्यातच प्रयोगशाळा थाटली होती.

एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली शिकवलेली माकडे पाहायला गेली. मेचनिकॉव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकाशी बसून ताराम्याशाच्या अळ्या पाहत होते. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्यांच्या शरीरात इकडून तिकडे भटकणाऱ्या पेशी दिसत होत्या. अचानक त्यांच्या मनात आले, की या भटक्या पेशी शरीराचे रक्षण करत असतील काय? तसे असेल, तर अळीच्या अंगात काही टोचले की या पेशी तिकडे धावायला हव्यात, आपल्या बोटात काटा गेल्यावर पू जमतो तसे. घराच्या बागेतल्या गुलाबाचे काही काटे आणून त्यांनी ते अळ्यांच्या अंगात खुपसले. रात्रभर झोप आली नाही. पहाटे पाहिले, तर काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडला होता.

या अळीला रक्तवाहिन्या नसतात. त्या काळी दाह म्हणजे रक्तवाहिन्यांचा बिघाड असे मानत असत. इथे वाहिन्याच नव्हत्या, तरी पेशी जमल्या. याचा अर्थ दाहाचे मूळ या पेशींच्या धावून येण्यात होते. गीसनची ती कृमी आता त्यांना आठवली. अन्न गिळणाऱ्या पेशीच पुढे उत्क्रांतीच्या ओघात शरीराच्या राखणदार झाल्या असाव्यात, असे त्यांनी मांडले. १८८३ मध्ये ओडेसा येथे रशियन निसर्गशास्त्रज्ञांच्या आणि डॉक्टरांच्या परिषदेत त्यांनी शरीराच्या स्वतःला बरे करण्याच्या शक्तीवर भाषण केले. व्हिएन्नातले प्राध्यापक क्लाउस यांनी या पेशींसाठी ग्रीक भाषेतून फॅगोसाइट हे नाव सुचवले. आपण त्यांना भक्षकपेशी म्हणू. त्यांतल्या मोठ्या पेशींना मेचनिकॉव्ह यांनी पुढे मॅक्रोफेज म्हटले, आणि ते नाव आजही तसेच चालते.

या पेशी फक्त शत्रूला गिळतात, असे मात्र मेचनिकॉव्ह यांचे म्हणणे नव्हते. बेडकाच्या पिल्लाची शेपटी झडते, तेव्हा तिथला जुना मांसल भाग याच पेशी गिळून साफ करतात, असेही त्यांनी मांडले होते. म्हणजे ज्या पेशी पहारेकरी, त्याच झाडूवाल्या. नवे बांधायचे तर जुने आधी उचलावे लागते, आणि उचलणारे हात शरीरातच आहेत, हा विचार त्यांच्या कामात पहिल्यापासून होता. जगाने लक्षात ठेवले ते मात्र फक्त पहारेकऱ्याला.

पॅरिस आणि परळ

जर्मन शास्त्रज्ञांनी या सिद्धांतावर कडाडून टीका केली. रोगप्रतिकार पेशींमुळे होत नाही, तर रक्तातल्या द्रवामुळे होतो, असे त्यांचे मत होते. या गटात रॉबर्ट कॉख यांच्यासारखे दिग्गज होते. ज्या १८८२ मध्ये मेचनिकॉव्ह यांनी मेसिनाला काटा टोचला, त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला होता. मेचनिकॉव्ह यांच्या पहिल्या पत्नीचा जीव घेणाऱ्या रोगाचे कारण असे त्यांच्या विरोधकाने शोधून काढले.

१८८६ मध्ये ओडेसात निघालेल्या जंतुशास्त्र संस्थेची सूत्रे मेचनिकॉव्ह यांच्याकडे आली, पण स्थानिक विरोधाला कंटाळून १८८८ मध्ये ते पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत जागा दिली आणि पुढची २८ वर्षे ते तिथेच राहिले. १८९१ मध्ये त्यांनी तिथे दाहावर व्याख्याने दिली. एकपेशी जिवांपासून माणसापर्यंत दाहाची परंपरा त्यांनी उलगडून दाखवली, आणि दाह ही मुळात जीव वाचवणारी प्रतिक्रिया आहे हे ठसवले. ही प्रतिक्रिया परिपूर्ण नसते, ती कधी चुकते आणि नुकसानही करते, हेही त्यांनी मान्य केले होते.

इथे या कहाणीला मुंबईचा एक धागा जुळतो. ओडेसात मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन नावाचा तरुण आपल्या गुरूच्या मागोमाग पाश्चर संस्थेत आला आणि सुरुवातीला तिथल्या ग्रंथालयात काम करू लागला. पुढे त्याने पटकीची लस तयार केली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा हाफकिन इथे आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. स्वतःवर प्रयोग करण्याचे हे वळण गुरूचेच होते. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा आली, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

१९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि त्यांच्या विरोधी मताचे पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. पेशी आणि द्रव, दोन्ही पक्ष खरे ठरले. पारितोषिकानंतर तीनच आठवड्यांच्या आत, २८ डिसेंबर १९०८ रोजी, भूकंपाने मेसिना शहर उद्ध्वस्त केले.

एक चुकलेला अंदाज

उतारवयात मेचनिकॉव्ह यांना म्हातारपणाच्या प्रश्नाने झपाटले. १९०३ मध्ये मानवी स्वभाव आणि देह यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. माणसाचे शरीर परिपूर्ण नाही, त्यात जागोजाग विसंगती आहेत, हा त्याचा गाभा. मोठे आतडे ही त्यांच्या मते अशीच एक अडगळ. तिथल्या घातक जंतूंना आवर घालण्यासाठी ते आंबवलेले दूध घेण्याचा सल्ला देत आणि स्वतःही रोज घेत. प्रजननसंस्थेतल्या विसंगतींची चर्चा करताना त्यांनी स्त्रीच्या मासिक रक्तस्रावालाही त्या प्रकरणात जागा दिली. नैसर्गिक म्हणवणाऱ्या क्रियेत रक्त का जावे आणि वेदना का व्हाव्यात, हे कोडे त्यांना सतावत होते.

इथेच काळाने त्यांची गंमत केली. ज्या गोष्टीला त्यांनी विसंगती मानले, तिथेच त्यांच्या पेशींचे सर्वांत सुबक काम चाललेले असते. मात्र ते पाहण्याची साधने त्यांच्या काळी नव्हती. १५ जुलै १९१६ रोजी, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, पॅरिसमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला. पुढची कित्येक वर्षे शास्त्राचे लक्ष रक्तातल्या प्रतिद्रव्यांकडे राहिले आणि भक्षकपेशी मागे पडल्या.

फाटणारे आणि सांधणारे अस्तर

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला मऊ अस्तर असते. त्याचे दोन थर. वरचा थर दर महिन्याला वाढतो, गर्भ राहिला तर त्याचे अंथरूण होतो, आणि न राहिला तर पाळीच्या वेळी गळून पडतो. खालचा थर मात्र जागेवरच राहतो आणि त्यातूनच नवे अस्तर उगवते. एका स्त्रीच्या आयुष्यात हे सुमारे ४०० वेळा घडू शकते. त्वचेवर खोल जखम झाली तर जन्मभराचा व्रण राहतो. इथे मात्र दर महिन्याला उघडी जखम होते आणि काही दिवसांत ती व्रणाशिवाय भरते. सस्तन प्राण्यांत पाळी येणारे फार थोडे आहेत. माणूस, वानरे, काही माकडे, काही वटवाघळे अशी ही छोटीशी यादी आहे.

हे प्रत्यक्ष पाहण्याची युक्ती १९४० मध्ये अमेरिकेतल्या मार्की या संशोधकाने शोधली. रीसस माकडिणींच्या गर्भाशयातल्या अस्तराचे छोटे तुकडे त्याने त्यांच्याच डोळ्याच्या पुढच्या भागात बसवले. ते तिथे रुजले, आणि पारदर्शक बुबुळातून महिनाभरात त्यांत होणारे बदल, वाहिन्यांचे आकुंचन आणि रक्तस्राव, सगळे दिसू लागले. मेचनिकॉव्ह यांना पारदर्शक अळीने जे दाखवले, ते इथे डोळ्याच्या पारदर्शक पडद्याने दाखवले.

पुढे १९७५ मध्ये लिबोविच आणि रॉस या संशोधकांनी गिनीपिगवर एक निर्णायक प्रयोग केला. औषधे देऊन त्यांनी प्राण्यांच्या शरीरातले मॅक्रोफेज कमी केले आणि मग त्वचेवर जखम केली. जखमेतला कचरा तसाच पडून राहिला, नवी ऊती तयार करणाऱ्या पेशी उशिरा आल्या आणि जखम भरायला वेळ लागला. म्हणजे मॅक्रोफेज नुसते सफाई करत नाहीत, ते बांधकामाची वर्दीही देतात. मग १९८६ मध्ये कॉलिन फिन या ब्रिटिश संशोधकाने मांडले, की पाळी म्हणजे एक प्रकारचा दाहच आहे. मेचनिकॉव्ह यांचा शब्द जवळपास शंभर वर्षांनी गर्भाशयाच्या दारात आला.

आज जे चित्र दिसते ते थोडक्यात असे. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक एकदम उतरते. ते उतरताच अस्तराच्या पेशी रासायनिक हाका घालू लागतात. त्या ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी अस्तरात शिरतात. न्यूट्रोफिल येतात, मॅक्रोफेजची संख्या वाढते. त्यांच्यातून सुटणारी पाचक द्रव्ये जुना थर सैल करतात आणि मेलेला भाग गिळून जागा मोकळी होते. मग त्याच मॅक्रोफेज पेशींचा नूर बदलतो. तोडफोडीची द्रव्ये सोडणाऱ्या पेशी आता वाढीची द्रव्ये सोडतात, नव्या रक्तवाहिन्यांना उत्तेजन देतात आणि भडका शमवतात. नियंत्रक टी पेशी नावाच्या दुसऱ्या प्रतिकारपेशीही या शांततेला हातभार लावतात. एका बाजूला अस्तर अजून गळत असतानाच दुसऱ्या बाजूला उघड्या जागेवर नवी त्वचा पसरू लागते. पाळी सुरू झाल्यापासून पाच-सहा दिवसांत बहुतेक पृष्ठभाग झाकला जातो. उंदरांवरच्या प्रयोगात न्यूट्रोफिल काढून टाकल्यावर ही दुरुस्ती रेंगाळली, असेही दिसले आहे.

लग्नघरी मांडव उतरवणारी माणसे आणि दुसऱ्या दिवशी घर सावरणारी माणसे वेगळी असतात. इथे मांडव काढणारेच पुन्हा घर उभे करायला लागतात.

दुरुस्ती फसते तेव्हा

हे सगळे खालचा थर शाबूत असेल तरच घडते. तोच खरवडला गेला, तर मात्र बियाणेच नष्ट होते. गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर वार अडकल्यावर जे क्युरेटिंग करतात, ज्याला बोलीभाषेत पिशवी साफ करणे म्हणतात, ते खोलवर झाले तर ही इजा होऊ शकते. मग उघड्या पडलेल्या दोन भिंती एकमेकींना चिकटतात, मध्ये तंतूंचे जाळे तयार होते आणि पाळी कमी होते किंवा बंदच पडते. १९४८ मध्ये जोसेफ अॅशरमन या स्त्रीरोगतज्ज्ञाने या विकाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला अॅशरमन सिंड्रोम म्हणतात. त्याआधी १८९४ मध्ये जर्मनीतल्या फ्रिट्श यांनी असा एक रुग्ण नोंदवला होता.

इथेही प्रतिकारपेशी धावून येतातच. पण दाह वेळेवर शमला नाही, मॅक्रोफेजनी आपला नूर बदलला नाही किंवा ते चुकीचा निरोप देत राहिले, तर मऊ अस्तराऐवजी चिवट तंतू विणले जातात. ज्या कारागिराने घर सांधायचे, तोच भिंत घालून दार बुजवतो. मेचनिकॉव्ह यांनी दाहाबद्दल दिलेला इशारा, की तो उपकारक असला तरी अचूक नसतो, इथे शब्दशः लागू पडतो.

आपल्या देशात या विकाराचे आणखी एक मोठे कारण आहे, ते म्हणजे गर्भाशयाचा क्षय. क्षयाचा जंतू मोठा धूर्त. मॅक्रोफेज त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. तो त्यांच्याच पोटात दडून राहतो. मेचनिकॉव्ह यांनी क्षयाच्या गाठीतल्या मोठाल्या पेशींचाही अभ्यास केला होता. लुडमिलाच्या बाबतीत ज्या लढाईत त्यांच्या पेशी हरल्या, तीच लढाई अनेक तरुण स्त्रियांच्या ओटीपोटात मूकपणे चालते. खोकला नाही, ताप नाही. फक्त पाळी कमी होत जाते आणि मूल राहत नाही. औषधांनी जंतू मरतात, पण तोवर व्रण राहून गेलेला असतो. म्हणून निदान लवकर होणे हेच महत्त्वाचे.

यावर उपाय आहेत. गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून चिकटलेला भाग सोडवता येतो. नंतर काही दिवस आत फुगा किंवा तांबी ठेवून भिंती अलग ठेवतात आणि संप्रेरके देऊन अस्तर वाढवायचा प्रयत्न करतात. सौम्य विकारात याचा चांगला उपयोग होतो. जुन्या आणि दाट व्रणात मात्र भिंती पुन्हा चिकटण्याची भीती असते. म्हणूनच अस्थिमज्जेतल्या मूळपेशी वापरून किंवा मॅक्रोफेजना योग्य वेळी दुरुस्तीकडे वळवून अस्तर पुन्हा उगवता येईल का, यावर अनेक देशांत संशोधन चालू आहे. ते अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे, रोजच्या दवाखान्यातले उपचार झालेले नाही.

हा फरक ध्यानात ठेवायला हवा. २००३ मध्ये इस्रायलमधल्या एका छोट्या अभ्यासाने असे सुचवले होते, की टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराआधी अस्तराला मुद्दाम हलकासा ओरखडा काढला तर गर्भ रुजण्याची शक्यता वाढते. ओरखड्याने दाह होतो, पेशी जमतात आणि त्या जमिनीची मशागत करतात, असा तर्क. तर्क मोहक होता आणि जगभर हे ओरखडे काढले गेले. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवर केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या अशा दोन्ही गटांत मूल होण्याचे प्रमाण सारखेच, सुमारे २६ टक्के निघाले. पेशींचे काम खरे, पण त्यांना केव्हाही हाक मारली म्हणजे हवे ते काम होते असे नाही.

घरच्या माणसांनी यातून काय घ्यावे? क्युरेटिंगनंतर पाळी येईनाशी झाली किंवा अगदी तुरळक झाली, तर अशक्तपणा म्हणून ती गोष्ट टाळू नये, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे. पाळी बंद आहे, पण दर महिन्याला पोटात कळा येतात, ही खूण तर विशेष महत्त्वाची. गर्भपातानंतर पिशवी मोकळी करण्यासाठी गोळ्या किंवा हवेच्या दाबाने ओढून घेण्याची पद्धत उपलब्ध असते. धारदार हत्याराने खरवडण्यापेक्षा ती जागतिक आरोग्य संघटनेनेही पसंत केली आहे. याबद्दल डॉक्टरांना विचारायला संकोच नसावा. मूल होत नसेल आणि घरात कधी कुणाला क्षय झालेला असेल, तर तेही सांगावे.

मूल होत नाही म्हणून आपल्या समाजात बाईला जे बोल ऐकावे लागतात, ते नवे नाहीत. तिच्या नशिबाला, पत्रिकेला, पूर्वजन्मीच्या पापाला दोष दिला जातो. दोष पुष्कळदा नखाएवढ्या व्रणाचा असतो. तो व्रण तिने केलेला नसतो, आणि कित्येकदा वेळेवर लक्ष दिले असते तर तो टळलाही असता. शरीराकडे शाप म्हणून पाहायचे की कामात गुंतलेल्या अगणित पेशींचे घर म्हणून, यावर आपण काय बोलतो आणि कुठला उपाय शोधतो हे ठरते.

मेचनिकॉव्ह यांनी सुजलेल्या काट्याकडे पाहण्याची जगाची नजर बदलली. जिथे लोकांना फक्त दुखणे दिसत होते, तिथे त्यांना दुरुस्ती दिसली. दर महिन्याच्या ज्या रक्तस्रावाला आपल्याकडे विटाळ म्हणून घरातल्या एका कोपऱ्यात बसवले, त्याच्याकडे खुद्द मेचनिकॉव्ह यांनाही ती नजर वळवता आली नाही. ते काम त्यांच्यानंतर आलेल्यांनी केले. त्या चार-पाच दिवसांत आत जे चालते ती घाण नाही आणि विसंगतीही नाही. ते डागडुजीचे काम आहे, आणि ते करणारे कारागीर तेच आहेत, जे मेसिनाच्या त्या पहाटे गुलाबाच्या काट्याभोवती जमले होते.